तांब्याच्या पत्र्यावरचे गाव

निसर्गचित्र काढा असे सांगितले की आमच्या वर्गांत काय होते हे पालकांना निराळे सांगायला नको. दोन डोंगर, त्यांच्यामध्ये अर्धा सूर्य, डोंगरातून नागमोडी वाहत येणारी नदी, एका काठाला झोपडी, दुसऱ्या काठाला माड आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. यंदाच्या शालेय चित्रस्पर्धेतही तेच झाले. ज्या मुलाच्या घरामागे खाजन शेत आहे, बांध आहे, भरतीचे पाणी अडवणारी मानस आहे, त्याच्या चित्रातही यांपैकी काही नव्हते. डोंगर होते. आणि बक्षिसे आम्ही वर्षानुवर्षे अशाच चित्रांना देत आलो, हेही कबूल करायला हवे.

पण ही सवय एकट्या आपल्या मुलांची नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातील एका अतिशय सपाट प्रदेशातले मोठमोठे चित्रकारही हेच करत होते. त्यांची ही गोष्ट आहे, आणि ती चित्रकारांइतकीच एका दुकानाचीही आहे.

आज बेल्जियममध्ये असलेले अँटवर्प हे शहर सोळाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर युरोपातील सर्वांत गजबजलेली बाजारपेठ होते. वस्ती सुमारे १ लाखाची. आपल्या किनाऱ्यावरून लिस्बनला गेलेली मिरी पुढे अँटवर्पच्या बाजारात विकली जाई. पोर्तुगालच्या राजाची वखारच तिथे १५४९ पर्यंत होती. शहराभोवतीचा ब्राबांट प्रांत म्हणजे शेते, कालवे, कुरणे आणि मातीच्या वाटा. टेकडी म्हणावी असेही फारसे काही नाही. तरीही तिथल्या चित्रांत उंच सुळके, खोल दऱ्या आणि दूरवर निळे होत जाणारे डोंगर असत. योआखिम पातिनिर हा अँटवर्पचा चित्रकार अशा चित्रांसाठी प्रसिद्ध होता. १५२१ मध्ये प्रसिद्ध जर्मन कलावंत आल्ब्रेख्त ड्यूरर त्याच्या लग्नाला हजर होता आणि आपल्या रोजनिशीत त्याने पातिनिरची नोंद चांगला निसर्गचित्रकार अशी केली आहे. पातिनिरच्या चित्रांत कोपऱ्यात एखादा संत छोटासा बसलेला असतो आणि बाकी सगळे जग त्याच्यामागे पसरलेले असते. तसे जग त्याच्या खिडकीतून दिसत नव्हते, हे उघड आहे.

आता दुकानाकडे वळू. हिएरोनिमस कॉक हा चित्रकाराचा मुलगा. त्याचा भाऊ माथिस निसर्गचित्रे काढणारा. कॉकने स्वतःही चित्रे काढली, पण त्याचे खरे अंग व्यापाराचे होते. १५४८ पासून त्याने चित्रांच्या छापील प्रती प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याच्या दुकानाचे नाव होते ‘चार वारे’. नाव फार विचारपूर्वक ठेवलेले दिसते, कारण माल खरोखरच चारही दिशांना जाणार होता. या धंद्यात त्याची पत्नी फोल्क्सकेन दिएरिक्स बरोबरीने होती. दोघांच्या नावांवर कॉकने एक कोटीही केली होती. कॉक म्हणजे स्वयंपाकी आणि फोल्क म्हणजे लोक. तेव्हा स्वयंपाक्याला लोकांसाठी रांधू द्या, अशा अर्थाचे वाक्य तो मिरवत असे. त्यात ‘लोकांसाठी’ म्हणजे ‘फोल्क्सकेनसाठी’ असेही ऐकू येई. कोटीवाचून ज्यांचे पान हलत नाही अशी मंडळी आपल्याकडेच आहेत असे नाही.

हा माल तयार कसा होई, ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे.

रबरी शिक्का सर्वांनी पाहिला आहे. त्यावरची अक्षरे उंच असतात. शाई उंच भागाला लागते आणि तीच कागदावर उमटते. पुस्तकाचे जुने खिळे आणि लाकडी ठसे याच पद्धतीचे. तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र याच्या नेमके उलट असते. रेघ पत्र्यात खोल गेलेली असते. पत्र्यावर सगळीकडे शाई फासायची, मग कापडाने पृष्ठभाग पुसून काढायचा. शाई फक्त खोल रेघांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवायचा, वर लोकरीचे जाड कापड, आणि दोन रुळांमधून प्रचंड दाबाखाली पत्रा काढायचा. मऊ झालेला कागद रेघांत शिरतो आणि आतली शाई उचलून घेतो. अशा छापावर कडेने पत्र्याचा दबलेला चौकोन दिसतो. पुढे कधी संग्रहालयात गेलात तर ती खूण आधी शोधा.

ही खोल रेघ पाडायच्या दोन रीती. पहिली कोरण्याची. लग्नात आलेल्या भांड्यांवर कासार नाव घालतो ते आठवा. तशीच धारदार पोलादी टोचणी हाताच्या जोराने पुढे ढकलून तांब्याची बारीक तार काढत रेघ पाडायची. मूळची ही सोनारांची कला. हात बसायला वर्षे लागतात आणि एक मोठा पत्रा पुरा व्हायला कित्येक महिने. दुसरी रीत अम्लरेखनाची. पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईने चित्र काढायचे, म्हणजे सुई जाईल तिथले मेण निघून खालचे तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात. आम्ल मेणाला काही करत नाही, उघडे तांबे तेवढे खाते. जितका वेळ अधिक, तितकी रेघ खोल आणि छापल्यावर काळी. इथे मेहनत आम्ल करते, आणि मेणावर सुई कागदावरच्या बोरूइतकी सहज चालते. म्हणून चित्रकाराच्या हाताची लकब, घाई, थरथर सगळे रेघेत उतरते. झाडाच्या पानांचा गुंता, गवत, ढग यांना हीच रीत मानवते.

घरी करून पाहण्यासारखे: अंड्याच्या कवचावर मेणाच्या रंगखडूने नाव लिहा आणि काही तास व्हिनेगरात ठेवा. मेणाखालचे कवच तसेच राहते, बाकीचे विरघळत जाते, आणि अक्षरे किंचित उंच होऊन बोटाला लागतात. पत्र्यावर रेघ खोल जाते, इथे ती उंच उरते, एवढा फरक, तत्त्व एकच. (खऱ्या आम्लाचा प्रयोग घरी कुणीही करू नये.)

एक अडचण दोन्ही रीतींत आहे. छाप आरशातल्यासारखी उलटी येते. त्यामुळे पत्र्यावर नाव उलटे लिहावे लागते, आणि मूळ चित्रातला उजव्या हाताने तलवार धरणारा शिपाई छापल्यावर डावखुरा होतो. नाणावलेल्या मंडळींच्या छापांतही असे डावखुरे शिपाई सापडतात.

अम्लरेखन मुळात चिलखते बनवणाऱ्यांचे. चिलखतावर वेलबुट्टी उठवायला ते आम्ल वापरत. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरातला दानिएल होफर हा ती युक्ती १५०० च्या सुमारास छपाईकडे घेऊन आला. ड्यूररने १५१८ मध्ये लोखंडी पत्र्यावर एक मोठी तोफ आणि तिच्यामागे पसरलेले गाव काढले. त्यानंतर थोड्याच वर्षांत रेगेन्सबुर्गच्या आल्ब्रेख्त आल्टडोर्फरने नऊ लहान निसर्गचित्रे अम्लरेखनाने काढली. त्यांत संत नाही, राजा नाही, गोष्ट नाही. उंच झाडे, डोंगर, एखादा वाडा, बस्स. छापील चित्रांत केवळ निसर्ग हाच विषय झाला तो या नऊ चित्रांपासून. पण ही मोजक्या शौकिनांची हौस होती. तिचा धंदा कॉकने केला.

त्याची हिशेबी नजर पाहण्यासारखी आहे. १५५० मध्ये त्याने इटलीतल्या मांटोवाहून जॉर्जो गिझी हा पट्टीचा कोरक्या आणवून राफाएलच्या ‘अथेन्सची पाठशाळा’ या भित्तिचित्राची छाप काढली. चित्रात ग्रीक तत्त्ववेत्ते आहेत. छापेखालचा मजकूर मात्र संत पॉल अथेन्समध्ये बोलत असल्याचा आहे! पुढच्याच वर्षी, १५५१ मध्ये, रोममधल्या पडक्या इमारतींची स्वतःच्या हातची चित्रमाला. रोमला जाऊ न शकणाऱ्याला रोम घरबसल्या. आणि मग त्याला पीटर ब्रॉयगेल नावाचा तरुण सापडला. १५५१ मध्ये अँटवर्पच्या चित्रकारसंघात दाखल झालेला हा तरुण इटलीला जाऊन, आल्प्स पर्वत डोळ्यांनी पाहून परतला होता. त्याच्या रेखाटनांवरून कॉकने १५५५-५६ च्या सुमारास बारा मोठी निसर्गचित्रे काढली. डोंगरांची मागणी होतीच. आता खरे डोंगर पाहिलेला माणूस हाती लागला.

ब्रॉयगेलने हे पत्रे स्वतः केलेले नाहीत. ते यान आणि लुकास फान डुटेकुम या भावांचे काम. अम्लरेखन असे सफाईने करायचे की पाहणाऱ्याला ते हाताने कोरलेले वाटावे, ही या भावांची खासियत होती. प्रकाशकाच्या दृष्टीने म्हणजे महिन्यांचे काम आठवड्यांवर. ब्रॉयगेलने स्वतःच्या हाताने केलेले एकच अम्लरेखन आज माहीत आहे, १५६० सालचे ‘सशाची शिकार’, तेही कॉकनेच प्रसिद्ध केलेले.

म्हणजे एका छापेमागे किमान तिघे असत: चित्र कल्पून रेखाटणारा, ते पत्र्यावर उतरवणारा, आणि पैसा घालून छापणारा. तिघांसाठी लॅटिनमध्ये तीन शब्द ठरून गेले होते आणि ते आखूड करून चित्राच्या खालच्या कडेला घालत. ‘इन्व्हेनिट’ म्हणजे याने कल्पिले, ‘स्कुल्प्सिट’ किंवा ‘फेकिट’ म्हणजे याने कोरले, केले, आणि ‘एक्सकुडिट’ म्हणजे याने प्रसिद्ध केले. पत्रा ही प्रकाशकाची मालमत्ता. गिऱ्हाईक आले की हव्या तेवढ्या प्रती काढायच्या, पत्रा पुन्हा फळीवर. मालक मेला किंवा कर्जात बुडाला की पत्रे विकले जात, आणि नवा मालक जुन्याचे ‘एक्सकुडिट’ घासून आपले घाली. आज एकाच चित्राच्या निरनिराळ्या प्रतींवर निरनिराळी नावे दिसतात ती यामुळे.

नावाची ही बाब सरळ नव्हती. ब्रॉयगेलने १५५६ मध्ये ‘मोठे मासे लहान मासे खातात’ या म्हणीवर एक चित्र रेखाटले. ते त्याच्या सहीनिशी व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. १५५७ मध्ये कॉकने त्याची छाप काढली आणि ‘इन्व्हेनिट’ पुढे नाव घातले हिएरोनिमस बॉशचे. बॉश १५१६ मध्येच वारला होता! पण बॉशच्या नावाला भाव होता आणि ब्रॉयगेल अजून नवखा होता. चित्राच्या विषयाला शोभेल असाच हा प्रकार.

आता मूळ गोष्ट. १५५९ मध्ये ‘चार वारे’ दुकानातून लहान आकाराच्या, साधारण निम्म्या वहीच्या पानाएवढ्या, चित्रांची एक माला निघाली. १५६१ मध्ये दुसरी. दोन्ही मिळून ४४ पाने. आज त्यांना ‘लहान निसर्गचित्रे’ म्हणतात. या चित्रांत डोंगर नाहीत. एकही नाही. आहे ती मातीची वाट, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली बुटकी घरे, कुंपण, विहीर, डबके, शेताच्या कडेची झाडे, मागे देवळाचे टोक. पाहणारा उंच सुळक्यावर चढलेला नाही. वाटेवरच उभा आहे, तुमच्याआमच्या उंचीवर. पहिल्या मालेच्या मुखपृष्ठावर लॅटिन आणि डच अशा दोन भाषांत मजकूर आहे. त्यात ही गावची घरे, शेते, रस्ते प्रत्यक्ष पाहून काढले आहेत आणि बहुतेक अँटवर्पच्या आसपासचे आहेत असे स्पष्ट सांगितले आहे. दारापाठीमागचे गाव हा विकण्याजोगा विषय आहे असे म्हणायला त्या काळी धाडस लागले असेल. कॉकने थोडी काळजी घेतलीच. मूळ रेखाटनांत माणसे फारच थोडी आहेत, छापताना वाटेवर माणसे आणि जनावरे घालून घेतली.

पत्रे पुन्हा डुटेकुम बंधूंचे. प्रकाशक कॉक. पण चित्रे काढली कोणी? ते पानावर कुठेच नाही. १६०१ मध्ये फिलिप्स गाले याने हेच पत्रे पुन्हा छापले तेव्हा कोर्नेलिस कॉर्टचे नाव दिले. १६१२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या क्लास यान्स फिस्खरने यांतील काही चित्रांच्या नकला स्वतः करून छापल्या आणि नाव दिले ब्रॉयगेलचे. ब्रॉयगेल १५६९ मध्येच वारला होता आणि आता त्याच्या नावाला भाव आला होता. कला-इतिहासकारांनी पुढे दोन्ही नावे बाजूला ठेवली. मूळची काही रेखाटने उरली आहेत, त्यांवरूनही नाव निघत नाही. म्हणून त्या माणसाला आज ‘लहान निसर्गचित्रांचा उस्ताद’ एवढेच म्हणतात.

हे लिहिताना आम्हाला एक गोष्ट बोचते, ती सांगून टाकतो. याच अंकाच्या मागच्या वर्षीच्या मुखपृष्ठावर एका विद्यार्थ्याचे चित्र छापले आणि त्याचे नाव छापायचे राहिले. एका पालकांनी विचारणा केली तेव्हा मूळ कागद शोधला. मागे नाव नव्हते, आणि चित्र आपले म्हणणारी मुले दोन निघाली. चूक आमची होती आणि ती अजून निस्तरलेली नाही.

१५५९ आणि १६०१ यांच्यामध्ये त्या गावांचे काय झाले ते ठाऊक असले की ही चित्रे निराळी दिसू लागतात. स्पेनच्या राजाविरुद्ध बंड पेटले. १५७६ च्या नोव्हेंबरमध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले, हजारो माणसे मारली. १५८५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर शहर पडले. प्रोटेस्टंटांना मालमत्ता विकून निघून जायला मुदत मिळाली आणि काही वर्षांत वस्ती निम्म्यावर आली. आसपासची गावे सैन्याच्या येण्याजाण्याने ओस पडली. १६०१ मध्ये पत्रे पुन्हा छापले तेव्हा त्यांतली कितीतरी घरे कागदावरच उरली असणार. आणि अॅमस्टरडॅममध्ये, जिथे फिस्खरने १६१२ मध्ये नकला काढल्या, तिथे दक्षिणेतून उठून आलेली हजारो कुटुंबे राहत होती. मुखपृष्ठावर ही ब्राबांटची गावे आहेत असे छापलेले होते. ते पान त्या घरांतून कोणी कसे पाहिले असेल, हे घर सोडून आलेल्या कुटुंबांना सांगावे लागणार नाही. आपल्या पालकांतही धरणाखाली गेलेल्या गावांतली मंडळी आहेत.

या सगळ्या धामधुमीत ‘चार वारे’ चालू राहिले, आणि त्याचे श्रेय फोल्क्सकेनचे. कॉक १५७० मध्ये वारला. तिने पुढे दुसरे लग्न केले, पण दुकान १६०० मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, चालवले. नवऱ्याने चालवले त्याहून अधिक काळ. तिच्या मृत्यूनंतर झालेल्या मोजदादीत तांब्याचे १६०० हून अधिक पत्रे निघाले. तिने ते वितळवून तांब्याच्या भावाने विकले असते तर ४४ लहान चित्रे पुन्हा छापायला उरली नसती. पुस्तकांत तिचे नाव बहुधा तळटीपेत असते.

अँटवर्पच्या छापील मालाचा आणि आपला संबंध नुसत्या मिरीपुरता नाही. ज्या सुमारास ब्रॉयगेलचे डोंगर छापून होत होते, त्याच १५५६ साली पोर्तुगालहून निघालेला एक छापखाना गोव्यात उतरला. तो जायचा होता अॅबिसिनियाला, राहिला इथे, आणि भारतातला पहिला छापखाना ठरला. (पुढे १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला रोमन अक्षरांत छापले गेले.) तिकडे अँटवर्पमध्ये क्रिस्तोफ प्लांतँ हा बडा मुद्रक कॉककडून छापे घेऊन बाहेरगावी विकत असे; त्याच्या वह्या आजही आहेत, आणि त्याचे छापखान्याचे घर २००५ पासून जागतिक वारसास्थळ आहे. या प्लांतँने छापलेले अनेक भाषांतले आठ खंडांचे बायबल गोव्याहून निघालेल्या पाद्र्यांनी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराला भेट दिले. त्यातली तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रे दरबारच्या चित्रकारांनी पाहिली, त्यांतल्या आकृती उतरवून घेतल्या आणि आपल्या चित्रांत बसवल्या. अँटवर्पची रेघ गोव्यावरून मोगल दरबारात पोहोचली ती अशी.

फिस्खर नकलांवर थांबला नाही. त्याच सुमारास त्याने हार्लेम गावाबाहेरच्या जागा स्वतः हिंडून, पाहून पत्र्यावर उतरवल्या: वाळूच्या टेकड्या, खानावळ, कपडे वाळवायची कुरणे. त्याच्यामागून हॉलंडात अशा चित्रांची रीघ लागली, आणि रेम्ब्रांने १६४३ मध्ये सपाट मैदान, पाऊस आणि तीन झाडे एवढ्यावर आपले सर्वांत प्रसिद्ध निसर्ग-अम्लरेखन केले.

या वर्षी दुसऱ्या सत्रात आम्ही इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना वर्गाबाहेर नेले. अट एकच होती: दिसेल ते काढा, डोंगर दिसला तरच डोंगर. पहिल्या दिवशी तक्रारी खूप झाल्या. ‘बाई, इथे काढण्यासारखे काहीच नाही,’ हे वाक्य किती वेळा ऐकले याची गणती नाही. नंतर हळूहळू पंपाची खोली, फेरीबोटीची वाट पाहणारी माणसे, देवळाच्या तळीवर वाळत घातलेले कपडे आणि एका कागदावर मानशीच्या फळ्या असे एकेक येऊ लागले. फळ्यांवर पाण्याने धरलेला काळा पट्टासुद्धा त्या मुलीने काढला होता. भरती कुठवर येते ते त्यावरून कळते. चित्र सूचनाफलकावर लावायला घेतले तेव्हा लक्षात आले की मागे नाव नाही. ते तिच्याकडे परत पाठवले आहे. नाव, इयत्ता आणि जागा लिहून आले की लावू.